निवेदिका उजवीकडून का बोलते?

३ जुलै

मामा,

कुरियरच्या पाकिटात ड्राइव्ह आहे, पुठ्ठ्यात गुंडाळलेली. आधी हे पत्र वाच, मग ती उघड. एवढी मोठी फाइल तुझ्या घरच्या नेटवर उतरायला आठवडा गेला असता, आणि आवाजाच्या गप्पा फोनवर मारलेल्या तुला चालत नाहीत हे मला पाठ आहे.

बातमी अशी की आमच्या घुमट थिएटरात नवी ध्वनिव्यवस्था बसली. प्रेक्षकांभोवती पाच स्पीकर, खालच्या जड आवाजांसाठी एक सब, आणि वर घुमटात चार. इतकी वर्षं आम्ही ग्रहतारे दाखवायचो आणि आवाज यायचा समोरच्या दोन डब्यांतून. आता पहिला नवा कार्यक्रम समुद्राच्या तळाचा आहे, अठ्ठावीस मिनिटांचा. बघणाऱ्याला पाण्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे, असं संचालक बाईंचं म्हणणं. ३१ तारखेच्या आत मला त्यांना दोन गोष्टी लिहून द्यायच्यात: मिक्सिंगसाठी बाजारातल्या तीन सॉफ्टवेअरांपैकी कोणतं घ्यायचं, आणि हा पहिला कार्यक्रम मिक्स कोण करणार.

तुझं नाव मी तोंडी सांगून ठेवलंय. बाईंनी विचारलं, "ते अजून काम करतात?" मी म्हटलं, "करतात म्हणजे काय, मी त्यांच्याच हाताखाली शिकले." त्यांनीही एक नाव सुचवलंय, बाहेरचा मिक्सर आहे, पस्तिशीतला, हात चांगला आहे त्याचा. दोघांचे नमुने ऐकून मी निवड करायची. म्हणजे भाचीने मामाची परीक्षा घ्यायची. हसू नकोस.

ड्राइव्हवर चार मिनिटांचा प्रसंग आहे. पाणबुडी खाली जाते, निवेदिका बोलते, भोवती बुडबुडे, लांबून डॉल्फिनची शीळ. तुला हव्या त्या सॉफ्टवेअरवर कर. आणि तिन्ही सॉफ्टवेअरांबद्दल तुझं मत भीडभाड न ठेवता लिही, अहवालात चोरायचंय.

तुझी,
टिटवी


११ जुलै

टिटवे,

परीक्षा खुशाल घे. तुझी पहिली परीक्षा मी घेतली तेव्हा तू माइकच्या वायरीत पाय अडकवून स्टँडसकट आडवी झाली होतीस, आणि तरी मी तुला पास केलं होतं. एवढं लक्षात असू दे.

आता सॉफ्टवेअरांचं. मी त्या तिघींना एका घरातल्या तीन जावा समजतो.

थोरली कारभारीण. कुठल्याही स्टुडिओत जा, ती बसलेली असतेच. तिच्यात बांधलेलं काम दुसऱ्याच्या खोलीत जसंच्या तसं उघडतं, हा तिचा खरा मोठेपणा, आणि तो मी मानतो. पण मिजास फार. यंत्र तिच्या पसंतीचं हवं, वायरी तिच्या पसंतीच्या हव्यात. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तर ती पाय ठेवायला तयार नाही.

मधली कामसू. चहूबाजूंच्या आवाजाचं काम तिच्या अंगातच आहे. 'हा आवाज डोक्यावरून मागे ने' एवढं सांगितलं की खोलीत दहा स्पीकर असोत नाहीतर दोन, कुणाला किती द्यायचं ते ती स्वतः वाटून देते. थोरलीलाही हे आता येतं, पण मधलीचं जास्त मोकळं वाटतं. शिवाय प्रत्येक चॅनेलवर त्याचं नाव ठळक लिहून ठेवते. खोट एकच, शिकायला महिना जातो. एकेका मेनूत सहा-सहा कप्पे, आणि हवी ती गोष्ट नेमकी सातव्यात.

धाकटी गुणी पोर. हलकी, चपळ, कुणाच्याही घरात राहील. कितीही चॅनेल द्या, नाही म्हणत नाही. मांडामांड सगळी आपण करायची, ती काही विचारत नाही. मला तेच आवडतं. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला कुणी सारखं विचारलं की डोकं फिरतं. तुझा प्रसंग मी तिच्यावरच केलाय.

आता खरं सांगतो. हे काम मला हवंय. स्टुडिओ बंद पडून दोन वर्षं झाली. लोक विचारतात, हल्ली काय करता? मी म्हणतो, आराम. आराम कसला, कपाळ! सकाळचे दहा वाजले की पाय आपोआप चपलांकडे जातात. तुझी ड्राइव्ह आली त्या दिवशी मी शिडी लावून छताला चार छोटे स्पीकर टांगले. मामी म्हणते पलंग हलवा, नाहीतर एखादा माझ्याच टाळक्यात पडायचा. चार मिनिटांच्या कामावर सहा दिवस बसलो. इतका आनंद मला गेल्या दोन वर्षांत झाला नव्हता.

नमुना ड्राइव्हवर आहे. ऐक आणि लिही.

मामा


१९ जुलै

मामा,

ड्राइव्ह मिळाली. तुम्ही इतक्या तत्परतेने काम केलंत, त्याबद्दल आभार. नमुना आम्ही घुमटात लावून ऐकला. पाण्याचा परिणाम चांगला साधलाय. वरच्या चार स्पीकरमधले बुडबुडे तर विशेष आवडले.

सॉफ्टवेअरबद्दलची तुमची टिपणं अहवालात उपयोगी पडतील. मीही तिन्ही पडताळून पाहते आहे. मधलीचे कप्पे तुम्ही म्हणता तसेच.

तुमची तब्येत कशी आहे? डोकं दुखणं, चक्कर असं काही नाही ना? इथे यायचं झालं तर प्रवास मोठा आहे, तो तुम्हाला झेपेल का, असंही मनात येतं. निर्णय अजून व्हायचाय. तुम्ही काळजी घ्या.

टिटवी


१९ जुलै

मामी,

हे पत्र मामाला दाखवू नकोस. विचारलं तर सांग, ब्लाउजची मापं पाठवलीत.

कसं लिहू कळत नाही. मामाने पाठवलेला नमुना मी आमच्या थिएटरात ऐकला. त्यात निवेदिका समोर मधोमध असायला हवी, ती उजवीकडून बोलते. उजव्या हाताच्या मागच्या स्पीकरमध्ये नुसती इंजिनाची घरघर भरलीय. आणि डॉल्फिनची शीळ, जी मीच ड्राइव्हवर दिली होती, ती कुठेच नाही. शिकाऊ पोरगंही असं करणार नाही. माणसाचा एक कान कमी झाला की तो नकळत त्या बाजूचा आवाज वाढवत जातो, आणि बारीक आवाज आहेत की गेले हेच त्याला कळत नाही. मामाचा उजवा कान गेलाय, मामी. मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा रडू आलं.

त्याला विचारायला माझं तोंड उघडत नाही. ज्याने मला ऐकायला शिकवलं त्याला मी कसं विचारू, की तुला ऐकू येतं का? तू काहीतरी युक्ती करून त्याचे कान तपासून घे. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

तुझी,
टिटवी


२४ जुलै

टिटवे,

तुझ्या पत्रात 'तुम्ही' आणि 'तुमचं' मिळून सहा वेळा आलंय. मोजलं मी. याआधी तू मला 'तुम्ही' म्हणालीस ती एकदाच, माझा टेपरेकॉर्डर जिन्यावरून पाडलास तेव्हा. आता काय पाडलंयस?

नमुना फसला असेल तर फसला म्हण. कुठे फसला ते सांग, मी दुरुस्त करून पाठवतो. 'परिणाम चांगला साधलाय' हे वाक्य आपल्या धंद्यात कुणाला बोलतात ते मला ठाऊक आहे. तेच वाक्य कुणाकुणाला बोलायचं ते मीच तुला शिकवलंय.

मामा


२७ जुलै

मामा,

काही पाडलेलं नाही. घाईत लिहिलं म्हणून तसं झालं.

अहवाल मी कालच दिला. थोरली घ्यावी आणि बाहेरच्या मिक्सरला काम द्यावं, असं लिहिलं. तो रोज थोरलीवरच काम करतो आणि इथून जवळ राहतो, सोयीचं पडेल. तसा तुझा नमुनाही सरसच होता. यात दुसरं काही कारण नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

टिटवी


३० जुलै

टिटवी बाई,

फोनच केला असता, पण हे दिवसभर घरात असतात आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी यांना बाहेरच्या खोलीत कळतं. यावरून तुला काय समजायचं ते समज. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझं बोलणं यांना ऐकू येत नाही हे खरं, पण त्याचं कारण कान नव्हेत.

तरी तू म्हणालीस म्हणून केलं. माझ्याच कानात गुणगुण होते असं सोंग घेतलं आणि सोबत म्हणून यांना घेऊन गेले. तिथे म्हटलं, आलाच आहात तर तुम्हीही बसा. बसले गुपचूप. तपासणाऱ्या मुलीने कागदावर दोन रेघा दाखवल्या. उजव्या कानाची रेघ सरळ. मुलगी म्हणाली, या वयात इतका चांगला कान क्वचित बघायला मिळतो. डाव्याची रेघ मात्र शेवटी खाली उतरलेली. डाव्या कानाला अगदी बारीक आवाज कमी येतात. डावा, बरं का. तू उजवा लिहिलं होतंस. मी घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं.

हे जराही दचकले नाहीत. परत येताना म्हणाले, "मला चार वर्षांपासून माहीत आहे." चार वर्षं! आणि मी कपडे शिवताना मशीनच्या आवाजाने यांना त्रास नको म्हणून दार लावून घेते.

तुझं सत्तावीसचं पत्र काल आलं. वाचलं, घडी घातली आणि शिडी घेऊन आले. छतावरचे स्पीकर काढायला लागले. मी म्हटलं, राहू देत की. म्हणाले, "तुला पलंग हलवायचा होता ना?" चारही उतरवले. जेवले नाहीत.

तू मुद्दाम काही केलं नसशील हे मी जाणते. पण काहीतरी चुकलंय, ते शोध.

मामी


२ ऑगस्ट

मामा,

हे बसून वाच.

मामीला मी गुपचूप पत्र लिहिलं होतं. तुझे कान तपासायला तिला मीच सांगितलं. मला वाटलं होतं तुझा उजवा कान गेलाय. म्हणून मी तुझं नाव खोडलं. सोयीचं वगैरे सगळं खोटं होतं.

मामीचं उत्तर आलं आणि मी अडकले. ज्याचा उजवा कान ठणठणीत आहे तो माणूस उजव्या मागच्या स्पीकरमध्ये नुसती घरघर का ठेवेल? काल सकाळी तुझी फाइल पुन्हा काढली आणि या वेळी एकेक चॅनेल वेगळा करून हेडफोनवर ऐकला. चौथा चॅनेल लावला आणि डॉल्फिनची शीळ आली. स्वच्छ, पूर्ण, शेवटच्या थरथरीसकट. आमच्या मशीनच्या हिशेबात चौथा चॅनेल म्हणजे सब. सबमध्ये कुणी शीळ घालतं का?

मग डोक्यात प्रकाश पडला. तुझी मोजणी सिनेमावाल्यांची जुनी: डावा, मधला, उजवा, डावा मागचा, उजवा मागचा, सब. मला ती तूच पाठ करून घेतली होतीस. आमचं मशीन मोजतं: डावा, उजवा, मधला, सब, डावा मागचा, उजवा मागचा. थोरली आणि मधली चॅनेलवर नावं लिहून देतात, त्यामुळे बाकी कुणाचं अडलं नाही. धाकटी नुसते एकामागून एक दहा आवाज देते. तुझा मधला आमच्या उजव्यात गेला, म्हणून निवेदिका उजवीकडून बोलली. तुझा डावा मागचा सबमध्ये गेला, आणि सबला बारीक आवाज वाजवताच येत नाहीत, म्हणून शीळ गेली. तुझा सब उजव्या मागच्यात गेला, म्हणून घरघर. वरचे चार दोन्ही मोजण्यांत शेवटी येतात, ते तेवढे जागच्या जागी राहिले. आणि मी तुला कळवलं, ते विशेष आवडले!

मी पाठवलेल्या ड्राइव्हवर क्रमाची चिठ्ठी नव्हती. तुझ्याही नव्हती. पण घुमटात बसून ऐकणारी मी होते. मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी क्रम सुधारून लावलं. मामा, चार मिनिटं मी हात खुर्चीला घट्ट धरून बसले होते. शीळ थोडी जास्त आहे, हेही सांगते. डाव्या बाजूची म्हणून असेल. बाकी सगळं तुझं.

आज सकाळी बाईंकडे जाऊन अहवाल परत मागितला आणि नमुना ऐकून रडले तिथपासूनची सगळी चूक माझी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन्ही नमुने दहा तारखेला मी स्वतः ऐकेन. तुझ्या डाव्या कानाचं मी कुठे बोललेले नाही आणि लिहिणारही नाही. तो घरातला विषय आहे. मला माफ कर.

टिटवी


७ ऑगस्ट

टिटवे,

रागावलोय. चार दिवस थांबून लिहितोय, तरी रागावलेलाच आहे.

क्रम चुकला त्याचा राग नाही. चिठ्ठी न लावण्यात माझी चूक तुझ्याहून मोठी. तीस वर्षं त्याच क्रमाने मोजत आलो, दुसरा क्रम जगात आहे हे माहीत असूनही हात आपले जुन्या वळणाने गेले. धाकटी काही विचारत नाही म्हणून मी तिचं कौतुक केलं होतं, ते कौतुक परत घेतो.

राग याचा आहे की तू विचारलं नाहीस. 'मामा, निवेदिका उजवीकडून का बोलते?' एवढं एक वाक्य. ते फोनवरही चाललं असतं. मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. त्याऐवजी तू रडलीस, मामीला सोंग घ्यायला लावलंस, मला घरच्या घरी बहिरा ठरवलंस, आणि वर 'सरसच होता' म्हणून माझी बोळवण केलीस. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. मला फार लागलं ते.

आता माझी पाळी. डावा कान चार वर्षांपासून कमी आहे. स्टुडिओत असताना मी डावी-उजवी बाजू आलटून पालटून ऐकायचो, म्हणजे डावीकडचे आवाज उजव्या कानाने तपासता येतात. खुर्ची जरा तिरकी ठेवायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, पाठ दुखते. स्टुडिओ बंद झाला तेव्हा सगळे माझं सांत्वन करत होते, आणि मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं, कारण मी पकडला गेलो नव्हतो. हे मी मामीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा लपवण्यात मी तुझा गुरूच ठरलो.

शीळ जास्त आहे म्हणतेस. असेल. मला ती बरोबर वाटत होती, यातच सगळं आलं.

म्हणून सांगतो, अहवालात डावा कान लिही. तपासणीचा कागद सोबत जोडलाय, तोही लाव. तो विषय घरातला नाही, कामाचा आहे. लपवून मिळालेलं काम पुन्हा भीतभीत करायचं माझं वय नाही. बाई नको म्हणाल्या तर नको. मी दहा वाजता चपला घालून फिरायला जाईन.

मामा


१४ ऑगस्ट

मामा,

दहा तारखेला बाईंनी दोन्ही नमुने ऐकले. कुणाचा कोणता हे सांगितलं नव्हतं. पहिला संपल्यावर त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. दुसरा संपल्यावर वही उघडलीच नाही, म्हणाल्या, "हा परत लावा." दुसरा तुझा होता.

मग मी तपासणीचा कागद पुढे ठेवला. त्यांनी दोन्ही रेघा नीट पाहिल्या आणि विचारलं, "यांना जे ऐकू येणार नाही ते कोण ऐकणार?"

मी म्हटलं, "मी."

"ऐकाल हो. पण त्यांना सांगाल का? की पुन्हा रडून अहवाल बदलाल?"

मान खाली गेली माझी. म्हटलं, सांगेन. त्या म्हणाल्या, "मग आधी सांगून दाखवा. त्यांच्या कामातलं तुम्हाला न पटलेलं एक तरी त्यांना लिहून कळवा, त्याची प्रत मला द्या, मग मी सही करते." तेव्हा या पत्राची प्रत बाईंकडे जाणार आहे.

सॉफ्टवेअर मधली घेतोय. ती नावं लिहिते, आणि आपल्या दोघांचाही आता पाठांतरावर भरवसा उरलेला नाही. महिनाभर कप्पे धुंडाळावे लागतील, ते मी सुरू केलंय. बाहेरच्या मिक्सरला पुढचा कार्यक्रम दिलाय. त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या मामांच्या शेजारी बसून एक दिवस बघता येईल का? येईल म्हटलं, तुला न विचारताच.

आता न पटलेलं. हे लिहायला मला तीन दिवस लागले. दोनदा फाडलं.

तिसऱ्या मिनिटाला निवेदिका म्हणते, "इथवर उजेड पोहोचत नाही." त्या वाक्याला तू पाणबुडीचं इंजिन पूर्ण बंद केलंयस. शांतता छान वाटते, बाईंनाही आवडली. मला पटली नाही. ते खोटं वाटतं. समुद्राच्या तळाशी इंजिन बंद पडलं तर आतली माणसं घाबरतील, आणि निवेदिका बोलतेय म्हणून इंजिन कधी थांबत नाही. याला कान कारण नाही, तो आवाज तुला नीट ऐकू येतो. तू मुद्दाम केलंयस.

का केलंस?

टिटवी